मफलरवाली पांढरी पेशी

कळंब, शनिवार-रविवार

प्रिय तनया,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर नाही, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. एकटी असशील तेव्हा वाच. फोन मुद्दाम केला नाही. हल्ली तुझा फोन तुझा नवराच उचलतो. मिहीर ‘नाना, ती झोपलीय,’ म्हणतो, आणि मी फोन ठेवतो. भर दुपारी झोपणारी तू कधीच नव्हतीस. लहानपणी तुला दुपारी झोपवताना तुझी आई स्वतः झोपून जायची आणि तू अंगणात.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पत्र कुणाच्या हाती पडलं तरी वरवर कामाचंच वाटेल. तुझ्या चित्रकथेची पहिली दोन प्रकरणं तपासून झाली. ऱ्हस्वदीर्घ ठीक आहे, स्वल्पविराम मात्र तू मीठ शिंपडल्यासारखे टाकतेस. जपानी लोक शरीरातल्या पेशींना माणसांचे कपडे घालून, हसवत हसवत पोरांना जीवशास्त्र शिकवतात, असं तू कॉलेजात असताना सांगायचीस. तेव्हा मला तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. आता तुझीच पानं वाचताना हसू आवरत नाही. तांबडी पेशी म्हणजे प्राणवायूच्या गोण्या भरून गल्लीबोळांतून टेंपो हाकणारा तो चष्मेवाला. बिंबिका, त्या प्लेटलेट्स, म्हणजे जखम झाली की विटा घेऊन धावणारी बालवाडीतली पोरं. आणि पांढरी पेशी म्हणजे आडव्या बांबूपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘कुठले? कोणाकडे?’ विचारणारा म्हातारा. त्याच्या गळ्यात भर उन्हाळ्यात मफलर. माझा मफलर मी ओळखतो, बाई. करोनात गावबंदी केली तेव्हा नाक्यावरच्या बांबूपाशी मीच बसायचो. वाडीवरनं भाजी घेऊन येणाऱ्या आपल्या सुनंदालाही मी अडवलं होतं. ‘मास्तर, मी रोजची हाय ना,’ म्हणून ती हसली होती. ठीक आहे, काढ बापाचं चित्र. ते माझ्या संशयाचं कारण नाही.

कारण फणस आहे. मागच्या महिन्यात तुम्ही दोघं आलात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तू पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून फिरत होतीस. फणस फोडायला घेतला, तू हाताला तेल लावायला बाह्या वर केल्यास आणि लगेच खाली ओढल्यास. पण मी बघितलं. दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग. कुणी घट्ट धरल्यावर उठतात तसे. तू विळीकडे हात नेलास तर मिहीरने ती तुझ्यापुढून उचलली, म्हणाला, ‘तू नको, मी बघतो.’ विळी म्हणजे तुझा जीव की प्राण, आणि तू मुकाट्याने दिलीस. नंतर मी तुला स्कूटर घेऊन कर्जतला जाऊन ये म्हटलं, तेव्हाही तुझ्याआधी तोच ‘नको’ म्हणाला. तुला काही विचारलं की उत्तर त्याचं. चेहरा तर असा सुजलेला, की रात्रभर रडलेल्या माणसाचाही एवढा सुजत नाही. मी मास्तर होतो, मार खाऊन आलेली पोरं मला दारातूनच कळायची.

तुझ्या आईला बोललो तर ती म्हणाली, तुम्हाला दुधातही पाणी दिसतं. आणि तुझा फोन आला की हीच बाई परसात जाऊन तोंडाला पदर लावून बोलते. म्हणजे हिलाही धमकावलंय, असं मी धरून चाललो. मग मी माझ्या परीने तुला तिथून काढून घरी आणायची तयारी केली. कुंभिवलीच्या टेंपोवाल्या गजाशी बोललो. तो म्हणाला, ‘नाना, तुमी फकस्त दिवस सांगा, टेंपो घेऊन आपन सोसायटीच्या दारात हाजर.’ तू कामावर जाते म्हणून निघायचंस, सामान गजा उचलणार, मी जिन्यात उभा राहणार. माझी जुनी वेताची छडी माळ्यावरून काढून ठेवलीय. हसू नकोस. एवढंच कळवायला हे पत्र लिहायला बसलो होतो. काल इथपर्यंत लिहून झालं आणि कुरियरवाला तुझं तिसरं प्रकरण देऊन गेला.

ते वाचून आधी माझं डोकंच फिरलं. मफलरवाला म्हातारा बिंबिकांच्या बालवाडीत काठी घेऊन घुसतो. ‘कुणाची रं तुम्ही?’ विचारतो. पोरं इतकी लहान, की त्यांना नाव सांगता येत नाही. तो त्यांना चोर समजून झोडपतो. मला वाटलं, गावबंदीचं उट्टं काढलंस. पोरगी बापाला सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांपुढे राक्षस करून दाखवते, असं म्हणत मी लाल पेन घेऊन बसलो. पुढच्या पानावर ती मुलगी होती, जिच्या शरीरात हे सगळं घडतंय. तिच्या दंडावर काळेनिळे डाग. कुणी हातही न लावता उठलेले. खाली लिहिलंयस, ‘विटा लावणारी पोरंच उरली नाहीत, तर साध्या धक्क्यानेही आतून फुटतं.’ ते डाग मी ओळखले. मफलर ओळखला तसेच.

तरी माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला वाटलं, नवऱ्याला झाकायला पोरगी एखादा रोगही काढेल चित्रात. म्हणून दुपारी पानं घेऊन कर्जतला गेलो. माझ्या शाळेतली समीक्षा आता तिथे डॉक्टर आहे. तिच्यापुढे पानं ठेवली आणि विचारलं, हे असं खरंच असतं का, की कविकल्पना? ती म्हणाली, असतं सर. रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच बिंबिकांना परकं समजतात. ते आवरायला औषध देतात, त्याने चेहरा सुजतो. झोप बिघडते, म्हणून माणूस दुपारी पडून राहतो. कापणं, पडणं सांभाळायचं. विळी नको, स्कूटर नको. मी काही विचारलं नव्हतं, तिने आपणहून विळी म्हटलं. मग तिने विचारलं, कुणाला झालंय? मी म्हटलं, गोष्टीतल्या मुलीला. तिने मला पाणी दिलं.

घरी आलो. तुझी आई गवार निवडत होती. मी नुसतं ‘बिंबिका’ म्हटलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला पाडव्यापासून माहीत आहे. तूच शपथ घातली होतीस म्हणे. नानांना सांगू नकोस, ते दहा डॉक्टर, अकरा वैद्य गोळा करतील, मला खोलीत कोंडून दाराशी खुर्ची टाकून बसतील. मला वाईट वाटलं, तनू. खूप वाईट वाटलं. आणि तू बरोबर बोललीस याचंही वाटलं, कारण खुर्ची कुठे टाकायची ते मी तेवढ्यात मनात ठरवून टाकलं होतं.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून तिन्ही प्रकरणं परत काढली, या वेळी पेन न घेता. चित्रातला तो टेंपोवाला चष्मा कपाळावर चढवून मग घरभर शोधतो. तसा चष्मा शोधणारा माणूस मला एकच माहीत आहे, आपला मिहीर. म्हाताऱ्याची काठी उठते तेव्हा पोरांच्या आणि काठीच्या मध्ये टेंपो आडवा घालणारा तोच. महिनाभर मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो, तो तुझ्या हातातली विळी काढून घेत होता, आणि मी जिन्यात छडी घेऊन उभा राहणार होतो. तुझ्या म्हाताऱ्याला आपलं कोण हे कळत नाही, असं चित्र तू काढलंस. मला ते कालच्या कालच खरं करून दाखवता आलं असतं, फक्त गजाला दिवस सांगायचा राहिला होता.

तिसऱ्या प्रकरणासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, की शेवट सुचत नाहीये, नाना, तुम्ही सुचवा. शुद्धलेखन तपासायला तू मला ही पानं पाठवत नव्हतीस, हे मला आता कळतंय. तोंडाने सांगता येईना म्हणून पाठवत होतीस. तर शेवट असा कर. म्हाताऱ्याला गावाबाहेर हाकलू नकोस, त्याच्याशिवाय खऱ्या चोरांना कोण अडवणार? त्याची काठी काढून घे, आणि त्याला बालवाडीत नेऊन एकेका पोराचं नाव सांग. विसरला तर परत सांग. गजाचा टेंपो येत्या रविवारी येतोय, पण सामान न्यायला नाही. त्यात मी आणि तुझी आई असू, आणि परसातला दुसरा फणस. गरे इथेच काढून आणतो, तुमच्या घरात विळी बाहेर यायला नको. तुझे सगळे रिपोर्ट मला दाखवायचे, आणि मला न कळणारं मिहीरने समजावायचं. मी मध्ये बोलणार नाही, प्रयत्न करीन. आधीचं लिहिलेलं काही खोडत नाही, मी काय समजलो होतो ते त्यालाही कळू दे. फक्त पाकिटावरचा तुझ्या ऑफिसचा पत्ता खोडलाय. खाली घरचा घातलाय, आणि नाव मिहीरचं लिहिलंय. पत्र त्याने फोडावं आणि तुला वाचून दाखवावं.

तुझाच,
नाना