दुसऱ्या उडीची खोकी

२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
ठमीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी टीव्हीवर जाड दिसते हे आवर्जून कळवलंस, आभारी आहे. तीस सिनेमे अर्धपोटी केले. आता संघटनेची अध्यक्ष आहे, दोन वेळा पोटभर जेवते.

आमचा नियम मंजूर व्हायच्या बेतात आहे. नायिकांच्या बदली उड्या मारणाऱ्या मुलींसाठी प्रत्येक उडीनंतर, अंग झेलायला खाली रचलेली पुठ्ठ्याची चेपलेली खोकी काढून नवी रचायची, त्याशिवाय दुसरी उडी नाही. अठ्ठावीस तारखेला मोठी सभा आहे. माझ्या सगळ्या उड्या मारणारी माझी मावसबहीण, शेवटच्या उडीत पाय अधू झालेली, म्हणजे तू, मंचावर हवीसच, असा मुलींचा हट्ट आहे. मी हो म्हणून बसले. खरं सांगू का, तू नाही म्हणालीस तर मला बरंच वाटेल.

मावशीला नमस्कार, भाचीला पापा. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिंप्याच्या दुकानातच आलं, मी काजं करत बसले होते. अध्यक्षीणबाईंनी नवा झगा शिवायला टाकलाय का, असं शिंपीदादांनी विचारलं. मी म्हटलं, एवढं कापड दुकानात नाही. आई बरी आहे, माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत.

सभेला मी येणार नाही. रागावू नकोस. आजवर कुणाला बोलले नाही, तुला सांगते. चूक माझी होती. पहिली उडी छान झाली. पुन्हा घ्यायचं ठरलं तेव्हा मी वर खोलीत फाटलेली बाही शिवून घेत होते. गच्चीच्या कठड्यावर आले, खाली गादीवर चादर पसरलेली, आतलं काही दिसेना. खोकी बदलली का, असं मी वरून ओरडून विचारलं आणि तूच खालून हो म्हणालीस. म्हणजे खोकी ठीक होती. माझाच पाय कठड्यावरून चुकीचा सुटला असणार. अकरा वर्षं काजं करता करता मी ती उडी मनात पुन्हा पुन्हा मारते, पण पाय कुठे चुकला ते सापडत नाही.

आपल्या उड्या बसवणाऱ्या मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, मुलींना पडायला शिकव म्हणून. जिला स्वतःला धड पडता आलं नाही तिनं काय शिकवायचं? आणि तुझ्या मंचावर बसून दुसऱ्यांवर खापर फोडायचं, याची मला लाज वाटते.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे.

अक्का

१३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस उशाशी घेऊन होते. आता लिहिते. फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

खोकी बदलली नव्हती.

पहिल्या उडीत तुझी मान माझ्यासारखी वळली नाही, असं मीच म्हणाले, म्हणून पुन्हा घ्यायचं ठरलं. मास्तर जेवायला गेले होते. खोकीवाला म्हणाला, नवी रचायला तास लागेल. मला संध्याकाळी बक्षीस घ्यायला जायचं होतं, केसांवर दोन तास गेलेले होते. मी त्याला म्हटलं, तीच राहू दे, वर गादी टाक. तू वरून विचारलंस तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. तो बोलायच्या आत मी हो म्हणून ओरडले. माझा आवाज ऐकलास म्हणून तू उडी मारलीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

चौकशीत तुझा तोल गेल्याचं लिहिलं गेलं, मी खाली सही केली. पुढे सिनेमे सोडले, लोक म्हणाले केवढा त्याग. भाषणात मी म्हणते, कुणीतरी घाई केली. टाळ्या पडतात आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तुला खरं माहीत असेल आणि तू मोठ्या मनानं गप्प असशील, असं मी स्वतःला समजावत आले. तू आपल्याच पायाला दोष देत असशील हे मनातही आलं नाही. येऊ दिलं नाही.

माफी मागायचं तोंड नाही. लोभ असावा असं लिहायचाही धीर होत नाही.

ठमी

२३ फेब्रुवारी

ठमी,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत. ते समजून घे.

पत्र वाचलं आणि दुकानातून उठून घरी आले. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझा पाय चुकला नव्हता. तिला काही कळलं नाही, पण ती जवळ बसून राहिली. मग मी खूप रडले. दुखण्यातसुद्धा एवढी रडले नव्हते. तुझा रागही आला, अजून आहे. तो कधी जाईल हे मला विचारू नकोस.

मास्तरांना कळवलंय, सोमवारपासून शिकवायला येते. आधी खोकी मोजायला शिकवीन, उडी नंतर.

सभेला येते. मंचावर माझी खुर्ची ठेवू नकोस, मी पहिल्या रांगेत बसेन. या वेळी तू वर असशील आणि मी खाली. तू बोलायला उभी राहिलीस की मी खालून विचारीन, खोकी बदलली होती का? सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दे.

अक्का