आठवड्यातून एकदाच सुटणारी बस

चि. धाकटीस, थोरलीचे दमल्या अंगाने पण भरल्या तोंडाने आशीर्वाद. तुझा दमा कसा आहे? माझ्या गुडघ्यांनी परदेशात आल्यापासून माझ्याशी अबोला धरला आहे.

नेहमीप्रमाणे मी सांगते, नात लिहिते. (तिच्याबद्दलचं वाईट गाळायचं नाही, अशी शपथ घातली आहे.) या बाईला झेंडा धरून पुढे चालणारा माणूस नको, आधी ठरवलेलं हॉटेल नको. म्हणे, आपलं आपण आडवाटेला हिंडलं की खरा देश दिसतो. दिसला बाई. दोन बस, एक दुधाचा टेम्पो आणि एका खेचराच्या पाठीवरून दिसला. तेही मध्येमध्ये थांबून मागे बघायचं, म्हातारी अजून आहे का म्हणून.

खालच्या गावच्या स्टँडवर तुझ्या भाच्याचा, म्हणजे हिच्या बापाचा, फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालंय, ते महिनाअखेरपर्यंतच थांबेल, कागदावर माझा अंगठा हवा, लगेच नीघ. तू राहतेस ती मागची खोलीही त्यातच गेली. मी म्हटलं, निघते.

पण त्याआधी हिला कोरीव लाकडी घरांचं गाव बघायचं होतं. आणि इथली अक्षरं हिला येत नाहीत! सोळा वर्षं शिकून पोरगी पाटीसमोर माझ्यासारखीच उभी. मला सत्तर वर्षांची सवय. मी पाटी बघत नाही, माणसं बघते. एका बसमध्ये बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या. म्हटलं, माल विकून घरी निघाल्यात, हीच आपली बस. पोचल्यावर कळलं, टोपल्या रिकाम्या होत्या कारण त्या टोपल्याच विकतात. गावात घरोघरी तेच काम. कोरीव लाकूड म्हणशील तर पोळपाटाएवढंही नाही.

आता एका टोपलीवालीच्या माडीवर राहतो. बसायला जावं तिथे बांबूच्या काड्या टोचतात. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. त्यामुळे भांडण नाही. मीही एक टोपली विणायला घेतली, ती तिने तीनदा उसवली, तोंडातून शब्द न काढता. (माझ्या सासूला हे जमलं असतं तर!) फार थकले गं. पण परतीची बस आठवड्यातून एकदाच, आणि परवाची आमची चुकली. फोनलाही रेंज नाही. माझा नाइलाज आहे.

तुझी थोरली

ता. क. इथपर्यंत भाच्याला मोठ्याने वाचून दाखव. फोन त्याच्या हातात देऊ नकोस.

ता. क. दुसरा. बस रोज दोनदा सुटते. तिनेच खाली जाऊन नात या पत्राचा फोटो तुला पाठवते आहे. तू भांडी पोत्यात भरायला घेतलीस, असं तो सांगत होता. काढ बाहेर, फळीवर लाव. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की मी येते.

ता. क. तिसरा. नात विचारते, "आजी, बाबांना कळलं तर?" म्हटलं, "कळू दे. मला कुठे लिहिता-वाचता येतं? पत्रात काय आहे ते तुझं तू जाणे."