साक्षीदार सासूबाई

आदरणीय दादांस,

साष्टांग नमस्कार, तोही सुरक्षित अंतर राखून (साष्टांग घातला की अंतर आपोआपच राखलं जातं). तुमचा खोकला साधाच निघाला हे वाचून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, अर्थात मास्कच्या आत. रस्ते खुले झाले, परवाना मिळाला आणि येत्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन आईंना न्यायला येताय, हेही कळलं. चार दिवसांसाठी लेकीकडे आलेल्या आई टाळेबंदीत अडकल्या आणि जावयाच्या पदरी पडल्या, त्यांचे काय हाल झाले असतील ही तुमची काळजी मला समजते. म्हणून मुक्कामाची हकिगत आधीच कळवतो.

तुमची बहीण नर्स. ती पहिल्याच आठवड्यात रुग्णालयात राहायला गेली आणि मागे उरलो आम्ही दोघं. आता लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आई आणि मी एकमेकांशी कधी सरळ बोललेलो नव्हतो. भांडण नाही हो, आदर! त्या लेकीला म्हणायच्या, "त्यांना विचार, अजून वाढू का," आणि मी समोर बसून तिलाच सांगायचो, "पुरे म्हणावं." मधला दुभाषाच गेल्यावर पहिले काही दिवस घरात फक्त भांडी बोलायची.

त्यात माझं ऑफिस घरी आलं. मीटर तपासणीची आमची प्रयोगशाळा बंद झाली, पण एका शाळेत रुग्णांसाठी नवा वॉर्ड उभा राहत होता (तुमची बहीण तिथंच जाणार होती), आणि तपासून सील केलेला मीटर असल्याशिवाय वीज जोडायची नाही, हा नियम कुठल्याही साथीला दाद देत नाही. साहेबांनी मीटरच्या पेट्या टेम्पोनं घरी पाठवल्या. जेवणाच्या टेबलावर मी संसार मांडला: आधी तपासायचा मीटर, मग प्लग लावायचा तारांचा एक बोर्ड, मग आमचा प्रमाण मीटर (त्याला आम्ही गुरुजी म्हणतो, कारण तो चुकत नाही, निदान तसं समजायचं असतं) आणि शेवटी भार म्हणून पाणी तापवायचा हीटर. गुरुजी जेवढी वीज मोजतील तेवढीच शिष्यानं मोजली पाहिजे, एवढंच शास्त्र. राहता राहिला साक्षीदार. प्रत्येक चाचणीला दुसरं माणूस हजर हवं आणि दाखल्यावर त्याची सही हवी. साहेबांनी फोनवर विचारलं, "घरात कोण आहे?" मी म्हणालो, "सासूबाई." साहेबांनी फोनवरच नियमांची पानं चाळली. मग म्हणाले, "आम्हाला चालतील. त्यांना चालेल का बघा."

चालेल कसलं, त्या धावल्याच. पहिल्या चाचणीत मीटरला वीज द्यायची, भार काहीच जोडायचा नाही आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत नाही ना, हे बघत बसायचं. काहीच घडत नाहीये हे टक लावून बघणं भल्याभल्यांना जमत नाही (मी स्वतः त्यात डुलकी काढतो). तुमच्या आई समोर ठाण मांडून अशा बघायच्या, की लहानपणी तुम्ही गृहपाठ कसा केला असेल याची मला कल्पना आली. शिवाय बोलायला आम्हाला मीटर सापडला. त्या मीटरला सांगायच्या, "चहा निवतोय म्हणावं." मीही मीटरलाच म्हणायचो, "साखर जरा कमी म्हणावं." असा गरीब दुभाषा मी पाहिला नाही.

मग माशी शिंकली. भाराच्या चाचणीत पेटीतला एकूण एक मीटर गुरुजींपेक्षा जोरात धावू लागला. तारा बदलल्या, बटणं बदलली, गुरुजींची माफी मागून त्यांनाही हलवून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! डोक्याला घाम फुटला होता, पण पायांशी कुठूनशी गार झुळूक येत होती, त्याबद्दल देवाचे आभार मानत होतो. शेवटी अख्खी पेटी नापास लिहिली. नवी पेटी यायची म्हणजे वॉर्ड पुढे ढकलला जाणार, आणि तिकडे माणसं व्हरांड्यात झोपवलीत हे तुमची बहीण रोज फोनवर सांगत होती. जड हातानं कागद आईंपुढे सरकवला. त्यांनी पेन उचललंच नाही. मीटरकडे बघत म्हणाल्या, "सगळेच एकदम कसे बिघडतील? आणि त्या पंख्याचं धरलंय का म्हणावं यात?"

"कुठला पंखा?" मी थेट त्यांनाच विचारून बसलो.

टेबलाखाली छोटा पंखा फिरत होता. जावयाला उकडतंय, पण सांगणार कसं? म्हणून त्यांनी तो गुपचूप दोन मीटरच्या मधल्या बोर्डात लावून दिला होता. म्हणजे शिष्य हीटरही मोजत होता आणि पंखाही. गुरुजींपर्यंत मात्र एकटा हीटरच पोचत होता. बिचारे मीटर खरं बोलत होते आणि मी त्यांना खोटं ठरवत होतो. दादा, रागवणार तरी कसं? माझ्या घामाकडे इतकं लक्ष माझं स्वतःचंही कधी नव्हतं. पंखा काढला, सगळी पेटी पहिल्यापासून तपासली, सगळे मीटर पास झाले आणि आईंनी प्रत्येक दाखल्यावर ठसठशीत सही केली. वॉर्डात दिवे लागले तेव्हा तुमच्या बहिणीचा फोन आला. बोलता बोलता ती रडायला लागली. मी फोन आईंच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे ओलेच कपडे काढत बसलो.

तर अशी सगळी खुशाली. तुमच्या आईंचे उपकार कसे फेडायचे मला समजत नाही. थोरांना नमस्कार, धाकट्यांना साबण.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : रविवारी गाडीला विश्रांती दिली तर? आईंना इथंच राहू द्या. पेट्या अजून यायच्या आहेत असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पेट्या कधीच संपल्या. साक्षीदाराचं काम उरलेलं नाही, मलाच त्या हव्या आहेत.

बाळा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. तू रविवारी ये, माझी पिशवी भरलेली आहे. जावईबापूंनी एवढ्या लांब तुला हे सगळं कळवलं, आणि मी पलीकडच्या खोलीत बसलेय, मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. औषध वेळेवर घे. — आई

ता. क. दुसरा : दादा, विचारलं. समोर उभं राहून, तोंडानं. रविवारी अवश्य या, आणि येताना आईंचं शिलाई मशीन घेऊन या.