जाळ्याखालची जागा

बोईसर, ४ फेब्रुवारी २०२४

चि. पुष्पलता हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू सगळं बरं हाय म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस, तीस वर्षं लेथवर राबलेला हात आहे.

आपल्या हिमानीची कुत्री भुरी आजारी आहे. पोटाचं ऑपरेशन झालं. महिनाभर तिनं पोरीच्या अंगावर पडायचं नाही. कारखान्याचा भोंगा झाला की माझी नात कशी किंचाळते, भिंतीवर डोकं आपटते, ते तू पाहिलंयस. हट्ट नव्हे तो. आवाज तिच्या अंगात शिरतो आणि बाहेर यायला वाट नसते. पुण्याहून शिकवून आणलेली ही कुत्री मांड्यांवर आडवी पडायची, की पोरीचा श्वास जागेवर यायचा. काल भुरी दाराआड कुंईकुंई करत राहिली आणि हिमानीच्या कपाळाला चार टाके पडले.

थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, तोवर वजनाची गोधडी द्या. अडीच किलोच्या वर नको, तोंडावर घ्यायची नाही आणि तिची तिला बाजूला सारता आली पाहिजे. मी विचारलं, ओल्या जाळ्यासारखी का? विचारलं खरं, पण पुढचं मला ऐकूच आलं नाही.

मशीनचं बेअरिंग गेलं तर मी गेटवरून आवाजानं ओळखतो, पण घरातलं मला कधी ओळखता आलं नाही. पुष्पे, आपला धाकटा भाऊ, सुका, लहानपणी जाळ्यांच्या ढिगाखाली का शिरायचा गं?

तेव्हापासून घरात ओल्या जाळ्याचा वास येतो. सून म्हणते, नाक तपासून घ्या.

मुलांना जवळ घेतलं म्हणून सांग.
तुझा रामादादा


मुरबे, ९ फेब्रुवारी २०२४

ती. रामादादास, पुष्पलताचा शि. सा. न.

शेठ झालास, पण अक्षर कोंबडीचंच हाय. गोधडी शिवायला घेतलीय. जाळं बुडायला लावतात ते शिसं नाय घालणार, पोर तोंडात घालेल. खाडीवरचे बारीक खडे उकळून, वाळवून खणाखणात शिवते.

सुकाचं मला ठावं होतं. बाजा वाजला की तो जाळ्याखाली शिरायचा. मी वरून हात दाबून बसायची. मग आपला आपण बाहेर यायचा नि भाकर मागायचा. त्या दिवशी शेजारी हळद होती. लोक हसतात, त्याला बाहेर काढ, असं आई बोलली. तू पाय धरून ओढलंस. तो भरतीकडं पळाला, तो परत आलाच नाय.

तुला वाटलं, अंगात येतं त्याच्या. तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. मी आईला सांगितलं की तो आपणच उठून गेला. चाळीस वर्षं तेच सांगते. तुझ्यासाठी का माझ्यासाठी, ते नाय ठावं. हात मी पण सोडला होता.

वास मला पण येतो. आमच्याकडं जाळी हायत, म्हणून कुणाला बोलत नाय.

वहिनीला नमस्कार. रागावू नको, माया असू दे.
पुष्पलता


बोईसर, १८ फेब्रुवारी २०२४

चि. पुष्पलता हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. गोधडीचं लिहितो.

आज दुपारी भोंगा झाला. हिमानी धावली आणि गोधडीखाली शिरली, फक्त तोंड बाहेर. सून स्नेहल घाबरून ओढायला वाकली. मी तिचा हात धरला, जरा जोरातच. मग दोघं बसून राहिलो. भुरी दारातून पाहत होती. पोरीकडे नाही, गोधडीच्या दुसऱ्या टोकाकडे. शेपूट हलवत होती. मी तिकडे बघितलं नाही.

अर्ध्या तासानं हिमानीनं गोधडी स्वतः सारली आणि उठली. तिला कुणी ओढलं नाही, पुष्पे. एवढंच तुला कळवायचं होतं.

पण आणखी एक आहे. दिवसाला चार शब्द न बोलणारी पोर, तिनं उठल्याबरोबर भाकर मागितली. आमच्या घरात चपाती होते. तो शब्द तिला कुणी शिकवला, मी विचारत बसलो नाही. स्नेहलला तांदळाच्या भाकरी करायला सांगितल्या.

दोन सांगितल्या, एक हिमानीची, एक गोधडीच्या दुसऱ्या टोकाची.

सवड काढून ये. खडे छान बसलेत.
तुझा रामादादा