चौथं सारवण तुमचं

अहो,

मी कुरुंदवाडला माहेरी चाललेय. भाकरी दुरडीत हायत, आमटी चुलीवर.

कुत्र्याच्या पिल्लाला तुम्ही गोठ्यात, शेणाच्या ढिगापाशी घाण करायला शिकवलंसा. आता शेणाचा वास आला की त्याला तीच जागा वाटते. मी सैपाकघर सारवलं की ते मधोमध येऊन बसतंय. सकाळपासनं तीनदा सारवलं, तीनदा घाण झाली. सासूबाई मलाच बोलल्या आणि तुम्ही पेपराआड हसत बसलासा.

आता चौथ्यांदा केलीय त्यानं. शेण बादलीत कालवून ठेवलंय. तुम्ही सारवा.

पिल्लाला मात्र मारू नका. चुकलं की ते निदान शेपूट तरी पायांत घालतंय.

— पद्मावती