वरची मूठ

तीर्थरूप आईला, तुझ्या धांदरट लेकीचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. रात्रीच्या जेवणाची काळजी तू आता सोड. दर रविवारी आम्ही आठवडाभराचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवतो आणि भाज्या चिरून डब्यांत भरून ठेवतो. मी शिवणकारखान्यातून सहाला येते, सातला पानं वाढलेली असतात. तुझ्या जावयाला अंडी झकास जमतात, फक्त मीठ विसरतो.

तक्त्यात तांदूळ वाटीने लिहिलाय, पण माझा हात ऐकतो कुठे! माणशी एक मूठ घेतली की तुझ्यासारखी वरची एक पडतेच, अवचित येणाऱ्यासाठी. इथे अवचित कोणी येत नाही गं. शेजारीणसुद्धा आधी फोन करते. सुरुवातीला तो उरलेला भात बघून मला भरून यायचं. आता सोमवारचा भात मंगळवारी कांदा घालून परतते, दहा मिनिटांत जेवण तयार. धाकटी म्हणते, "आई, रोज मंगळवार कर ना!"

बाबा गेल्यापासून तू रात्री काय करतेस? फोनवर "जेवले" म्हणतेस, पण मागे भांड्याचा आवाज कधी येत नाही. दूध-बिस्किटाला जेवण म्हणत नाहीत, हे तूच शिकवलंयस.

म्हणून तुझाही तक्ता करून सोबत पाठवतेय. भाज्या तुझ्या आवडीच्या घे. तांदूळ मात्र रोज दोन मुठी, एक तुझी आणि एक वरची.

माझी रजा मंजूर झालीय. तारीख मुद्दामच कळवत नाही.

तुझी,
मोठी