एका डोळ्याचा नारळ

बाबा, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. काल माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि तिनं आपणहून देव्हाऱ्यातला नारळ मागितला, म्हणून आज तुला लिहायला बसले.

हा एका डोळ्याचा नारळ अख्खा आहे तोवर घरची चूल थंड पडत नाही, असं पार्से गावातल्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. तो थोरल्या मुलाकडे जायचा. तुला मुलगा नव्हता, तेव्हा काकानं तो आपल्या मुलासाठी धरलेला. पण तू माझ्या लग्नात, भर मांडवात, तो माझ्या ओटीत घातलास. काका म्हणाला, "कुळाची वस्तू परक्या घरात धाडतंस?" तू आवाज न चढवता म्हणालास, "चेडू परक्या घरात जाता, पण परक्या होणा नाय." मी मान खाली घालून बसलेली, पण आतून ताठ झाले होते.

पुढचं तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर काही वर्षांनी इकडे डिचोलीत खाणी बंद पडल्या, यांचा खनिज वाहणारा ट्रक दारातच उभा राहिला. सासूबाईंना कुणी सांगितलं, नारळ बाधला, होमात घाला. त्या देव्हाऱ्याकडे येतात आणि मी आडवी उभी राहते. पंधरा वर्षांत त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. "आई, नारळ राहूदे. चूल मी पेटती ठेवते."

इथल्या कारखान्यांत कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार होते, त्यांना डबे द्यायला लागले. आपली शीतकडी, भात आणि नारळाची आमटी, त्यांच्या घशाखाली उतरेना. "वैनी, भाकरी नाही का?" एकानं विचारलं. त्याच्याच बायकोकडून मी ज्वारीची भाकरी थापायला शिकले. पहिला आठवडाभर एक भाकरी धड उतरली नाही. आता सकाळी साठ डबे जातात. सासूबाई शेजारी बसून कांदे चिरतात आणि आल्यागेल्याला देव्हारा दाखवून सांगतात, "आमच्या सुनेच्या माहेरचा."

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक सांगून टाकते. लग्न ठरवण्याआधी विहिरीवर तू विचारलं होतंस, "तुझ्या मनाविरुद्ध तर नाय मा?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं, बाबा. मला पुढे शिकायचं होतं. पण चुलत बहिणींना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तू विचारलंस, तेवढ्यावरच मी तयार झाले.